ठिणगी कुठे अडली?

सुईला घाबरणारी माणसं मी रोज बघते. कुणी डोळे मिटतं, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी माझाच दंड घट्ट धरून ठेवतं. पण त्या सकाळी माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसानं मान पार उलट्या बाजूला वळवली, लॅबच्या कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला,

"तुमचं हे मशीन रडतंय."

"रडत नाहीये. रक्ताच्या नळ्या फिरवतंय. ते रोज असंच वाजतं."

"मग रोज रडत असेल," तो म्हणाला. "मागचा डावा पाय झिजलाय त्याचा. बिचारं लंगडत फिरतंय..."

मी वळून बघितलं. मशीनच्या चार रबरी पायांपैकी मागचा डावा खरंच निम्मा उरला होता. तीन वर्षं मी त्या मशीनशेजारी बसत होते, आणि हा माणूस तीन मिनिटांपूर्वी आला होता.

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं?"

"रक्त काढून झालं."

"हात्तिच्या! एवढंच?" त्यानं आता कुठे हाताकडे बघितलं, आणि कापूस दिसताच पुन्हा मान फिरवली. नखांच्या कडांना काळं ऑईल होतं. घासून घासून धुतलेलं, तरी उरलेलं.

"काय करता तुम्ही?"

"गाड्यांचं वायरिंग. बॅटरी, सेल्फ, दिवे... जे दिसत नाही आणि झटका देतं, ते सगळं माझ्याकडे. लोक वायरमन म्हणतात."

खरं तर पुढच्या माणसाला आत बोलवायची वेळ झाली होती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "एक विचारू? सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण गाडी काही सुरू होत नाही. याला काय म्हणायचं?"

"किती दिवस झाले?"

"सात महिने."

"सात महिने!" पंधरा दिवस ताप अंगावर काढून आलेल्या पेशंटकडे मी जशी बघते, तसाच तो माझ्याकडे बघत होता. "रविवारी येतो. पत्ता द्या."

"आणि तुमचा रिपोर्ट? तो आज संध्याकाळी मिळेल."

"असू दे. रविवारपर्यंत थांबेन की... तुम्हीच द्या." एवढं बोलून तो उठला, आणि दारापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकला. सुईला घाबरला होता, की आणखी कशाला, ते तेव्हा मला कळलं नाही.

गाडी बाबांची. फिकट निळी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई तिला 'थोरली' म्हणते. बाबांची सगळी हयात जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. केसाएवढी रेघ काढायची, तीही एका दमात, असा त्यांचा हात होता. रेघेत वाकडेपणा खपत नसे आणि गाडीवर धूळ. पण सात महिन्यांपूर्वी एका दुपारी ते किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "बंद पडली. सेल्फ लागतो, पण घेत नाही." त्यानंतर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मेकॅनिक आणते म्हटलं की म्हणायचे, "राहू दे. म्हातारी झाली ती." बॅटरी तेवढी स्वतः चार्ज करून ठेवायचे, आणि खिडकीशी बसून तिच्याकडे बघत राहायचे. वर्तमानपत्रही वाचेनासे झाले होते. उजेड पुरत नाही म्हणायचे. आम्ही तीनदा दिवा बदलला.

मला वाटायचं, गाडी सुरू झाली की बाबा सुरू होतील. म्हणून मी त्यांना न विचारताच वायरमनला बोलावलं होतं.

रविवारी फाटकाशी त्याची हत्यारांची पेटी दिसली, आणि बाबांचा चेहरा पडला.

"कुणाला विचारून बोलावलंस?"

"बाबा, नुसतं बघतील ते."

वायरमननं दोघांकडे एकेकदा बघितलं. "काका, तुम्ही नको म्हणालात तर बॉनेटसुद्धा उघडणार नाही. पण एवढी नीट ठेवलेली गाडी मी बऱ्याच दिवसांनी बघतोय. उघडू?"

बाबांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "उघड."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. तो घाई करत नव्हता. त्यानं मला आत बसवलं, सेल्फ मारायला लावला, आणि डोळे मिटून ऐकत राहिला. "बॅटरीत दम आहे. पेट्रोलचा वासही येतोय. मग राहिलं काय?"

"तुम्हीच सांगा."

"ठिणगी. पेट्रोल नुसतं येऊन भागत नाही, कुणीतरी ते पेटवावं लागतं. नाहीतर... आयुष्यभर नुसतं फिरत राहायचं." हे बोलताना तो इंजिनकडे बघत होता, तरी मी उगाच पदर— म्हणजे ओढणी सारखी केली.

त्यानं एक प्लग काढला, वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. मी सेल्फ मारला. काही नाही. दुसरा प्लग. काही नाही. मग त्यानं इंजिनवरच्या एका काळ्या टोपणाच्या मधोमध जाणारी जाड वायर उपटली, रबरी मुठीच्या पकडीत धरून लोखंडापासून जरा लांब ठेवली आणि मला हाक मारली, "लॅबवाल्या बाई, इकडे या. काका, जरा सेल्फ मारता?"

टक् — टक् — टक्. निळी, बारीक, जिवंत ठिणगी. मी वाकून बघत राहिले. त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून चार बोटांवर होता, आणि आम्ही दोघंही ते अंतर मोजत नव्हतो असं दाखवत होतो.

"बघितलंत? इथपर्यंत करंट येतोय. प्लगपर्यंत पोचत नाही. म्हणजे अडलंय कुठेतरी मधेच." त्यानं काळ्या टोपणावर टिचकी मारली. "इथून चारही प्लगना वाटणी होते. आता हे उघडू."

तेवढ्यात आईनं चहासाठी हाक मारली. मी कप घेऊन परत आले, तेव्हा टोपण जागेवर बसलेलं होतं. बाबा गाडीतून उतरून त्याच्यासमोर उभे होते.

"सापडलं?" मी विचारलं.

बाबांनी घाईनं म्हटलं, "वेळ लागेल म्हणतोय."

वायरमननं माझ्याकडे न बघता कप घेतला. "हो... वेळ लागेल."

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. एकदा ठिणगीला जोर देणारी कॉइल तपासली, एकदा जुन्या वायरी बदलल्या, एकदा चारही प्लग घासून लखलखीत केले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि त्याला नकाशांच्या गोष्टी सांगायचे — विहीर एकाच्या हद्दीत आणि पायऱ्या दुसऱ्याच्या, असल्या. तो पाना हातात धरून ऐकायचा, मधेच हसायचा. सात महिन्यांनी आमच्या अंगणात बाबांचा आवाज ऐकू येत होता. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दुरुस्ती कसली चाललीय कळत नाही, पण चालू दे."

मीही बाहेर रेंगाळायला लागले. आधी चहा द्यायला, मग कप न्यायला, मग काहीच कारण नसताना.

"तुम्हाला सुट्टीच्या दिवशी दुसरं काम नसतं?" मी एकदा विचारलं.

"असतं की. कपडे धुवायचे असतात."

"मग?"

"मग काय... हाच शर्ट तिसऱ्यांदा घातलाय. तुमच्या लक्षात आलं नाही म्हणजे बरं झालं."

"आलंय."

"आलंय?" त्यानं मान वर केली. "म्हणजे बघता तुम्ही."

मी कप उचलून आत निघून गेले. कपात चहा अजून अर्धा होता, आणि तो त्याचा होता.

त्याचा रिपोर्टही मी केव्हाच दिला होता. सगळं उत्तम होतं. "काहीच दोष नाही?" त्यानं निराश होऊन विचारलं होतं. "म्हणजे पुन्हा लॅबमध्ये यायला नको?" "नको." "वाईट झालं."

चार रविवार असे गेले. पण माझा धंदाच शोधण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी जागेवर नसली तरी मला चैन पडत नाही. ती निळी ठिणगी डोक्यातून जाईना. इथपर्यंत येते, तिथे पोचत नाही, तर दोष त्या काळ्या टोपणातच हवा. मग हा माणूस चार आठवडे टोपण सोडून बाकी सगळं का तपासतोय?

एका बुधवारी दुपारी बाबा झोपलेले असताना मी गाडीचं जुनं पुस्तक काढलं, बॉनेट उघडलं आणि टोपणाच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या खाली ओढल्या. पुस्तकातल्या चित्रात मधल्या दांडीवर अंगठ्याएवढा एक भाग बसवलेला होता. डोक्यावर पितळी पट्टी, नाव रोटर. तो फिरतो आणि ठिणगी पाळीपाळीनं एकेका प्लगला देतो. आमच्या गाडीत दांडी होती. रोटर नव्हता.

तुटला नव्हता, झिजला नव्हता. नव्हताच. कुणीतरी तो अलगद काढून घेतला होता, आणि टोपण पुन्हा नीट लावलं होतं.

रविवारी मी त्याला फाटकातच गाठलं.

"रोटर कुठे आहे?"

त्यानं पेटी खाली ठेवली. "तुम्ही उघडलंत?"

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"...हो."

"आणि तरी तुम्ही कॉइल, वायरी, प्लग—"

"त्या वायरी खरंच कडक झाल्या होत्या."

"मी वायरींचं विचारत नाहीये! रोटर तुम्ही काढलात?"

"नाही."

"मग कुणी काढला?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का? की इथे यायला निमित्त हवं होतं तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. अगदी पाळीपर्यंत. आणि मला वाटलं, सापडला चोर. सापडला, म्हणूनच इतकं दुखलं... माझ्यासाठी येतो असं वाटून मी चार आठवडे हवेत होते, आणि हा आमच्या म्हाताऱ्या माणसाची गाडी अडवून बसला होता.

"माझ्या वडिलांनी सात महिन्यांनी तोंड उघडलं," मी म्हणाले. "त्यांना खेळवलंत तुम्ही. पुन्हा येऊ नका."

तो काहीतरी बोलणार होता. खिडकीकडे बघितलं, ओठ मिटले, पेटी उचलली आणि गेला.

पुढचा रविवार आला, गेला. त्याच्या पुढचाही. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसायचे, फाटक वाजलं की मान वर करायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "वायरमन आजारी आहे का?"

"मीच नको म्हटलं त्याला. बाबा, तो फसवत होता आपल्याला. गाडीतला रोटरच गायब आहे, आणि त्याला ते ठाऊक होतं."

बाबा एकदम उभे राहिले. मला वाटलं, चिडले. पण ते आत गेले, कपाट उघडलं, चष्म्याचा जुना डबा आणला आणि माझ्या हातात दिला. डब्यात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला रोटर होता.

"मी काढला," बाबा म्हणाले. "त्यानं नाही."

मी ओट्यावरच बसले.

"त्या दुपारी मी चौकातून येत होतो. एक बाई रस्ता ओलांडत होती. पुढे बाबागाडी. मी ब्रेक मारला तेव्हा मधे हातभर जागा उरली होती. ती बाई मला काही बोलली नाही गं. नुसती बघत राहिली... मला ती दिसलीच नव्हती. डाव्या बाजूचं मला दिसत नाही. बरेच महिने झाले."

"बाबा... आम्हाला सांगायचं ना."

"काय सांगू? ज्या डोळ्यांवर घर उभं केलं, ते गेले म्हणून सांगू? तुम्ही किल्ली मागितली असती. प्रेमानंच मागितली असती. पण मला ती कुणाच्या हातात द्यायची नव्हती. म्हटलं, गाडीच बंद पडली असं होऊ दे." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्या पोरानं टोपण उघडलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. मी म्हटलं, कुणाला बोलू नकोस. तो म्हणाला, काका, मी बोलणार नाही, पण तुम्ही बोला. दर रविवारी जाताना मला विचारायचा, आज सांगणार का? मी म्हणायचो, पुढच्या रविवारी."

मी नुसता त्यांचा हात धरला. दारात आई उभी होती, पिठाच्या हातांनी.

"तुला... ऐकू आलं?" बाबांनी विचारलं.

"ऐकायचं काय त्यात? गाडी तुम्हीच बंद ठेवलीय, हे मला माहीत होतं," आई म्हणाली. "चष्म्याचा डबा झाडताना जड लागला. चष्मा तर तुमच्या नाकावर. मी उघडून बघितलं, गाडीचाच भाग दिसला, परत ठेवला. म्हटलं, माणूस सांगेल तेव्हा सांगेल. आता उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हणजे झालं." आणि ती आत गेली. आतून बराच वेळ पोळी लाटल्याचा आवाज आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली टिकवता येईल. थेंब सुरू झाले. उशीर झाला होता, फार उशीर नव्हता झाला. दवाखान्यातून मी बाबांना घरी सोडलं आणि तशीच वायरमनच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड. भिंतीवर वायरींची भेंडोळी, आणि एका टेम्पोच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. बाकीचा माणूस स्टिअरिंगखाली होता. बूट मी ओळखले.

"मी चुकले," मी त्या पायांना म्हणाले. "बाबांनी सगळं सांगितलं. तुम्हाला चोर ठरवलं मी... ऐकून न घेता. माफी मागायला आलेय."

पाय हलले नाहीत.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," आतून आवाज आला. "बाहेर यायचा धीर होत नाहीये."

"का?"

"तीन आठवडे तुमच्याशी मनातल्या मनात भांडतोय. त्यात मी दर वेळी जिंकत होतो. समोर येऊन कसं जमायचं?"

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले. तो सरकत सरकत बाहेर आला. गालावर काळा पट्टा.

"मला एवढं तरी म्हणायचं होतंत," मी म्हणाले, "की बाबांना विचारा."

"म्हटलं असतं तर तिथेच सगळं कळलं असतं तुम्हाला. तुम्ही दोन मिनिटांत जोडलं असतंत." तो फडक्याला हात पुसत राहिला. "माझ्या थोरल्या भावानं आमच्या वडिलांकडून स्कूटरची किल्ली काढून घेतली. काळजीपोटीच घेतली. पण जेवायला माणसं जमली होती, त्यांच्यासमोर घेतली. त्यानंतर आमचे वडील अंगणात आलेच नाहीत. कुणी काही बोललं की म्हणायचे, मला काय विचारता... तुमच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा मला तेच डोळे दिसले." मग म्हणाला, "पण तुमच्याशी खरं बोललो नाही, हे माझंच चुकलं. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगत होतो. वायरी बदलत होतो आणि तेच सांगत होतो."

गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी तुम्हाला निमित्ताचं विचारलं," मी हळूच म्हणाले, "तेव्हा कान का लाल झाले होते?"

"कारण... ते अर्धं खरं होतं." त्यानं फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं. "पहिला रविवार काकांसाठी. दुसराही, चला, काकांसाठी म्हणू."

"आणि पुढचे?"

"टेम्पोवाला येईल आता," तो म्हणाला, आणि पुन्हा स्टिअरिंगखाली शिरला. पण आत शिरण्याआधी लाल झालेले कान मला दिसले होते.

पुढच्या रविवारी वायरमन आला, पण रोटर बसवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. बाबांनीच बसवला; बोटांना जागा पाठ होती. मग त्यांनी किल्ली काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर धरली.

"आता तू शीक. मी शेजारी बसतो."

"बाबा, मला भीती वाटते."

"वाटायलाच हवी. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात देऊ नये."

मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा थरथरलं आणि सुरू झालं. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मागच्या सीटवर आई आणि वायरमन. दोघांच्या मधे आईची पर्स, पोलिसासारखी.

गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर मी गाडी चारदा बंद पाडली. पाचव्यांदा ती धक्के न देता निघाली, तसा बाबांचा आवाज कानाशी आला, "नजर समोर. मागे काहीही होऊ दे, नजर समोर."

आणि मागे आईनं नेमकी तीच वेळ साधली.

"काय हो वायरमन, गाडी तर झाली दुरुस्त. मग आता तुम्ही आमच्याकडे कशाला यायचं?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आरशात बघायचा मोह झाला, पण आरसा मी अजून नीट लावायला शिकले नव्हते. त्यात नुसतं आभाळ दिसत होतं.

"काकू, खरं सांगू?"

"आता तरी खरंच सांगा."

"तुमच्या मुलीसाठी येईन," तो म्हणाला. आवाज जरा कापला, पण वाक्य त्यानं पूर्ण केलं. "म्हणजे... तिची हरकत नसेल तर. दर रविवारी."

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि मला त्यांचा हसरा गाल तेवढा दिसला.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना झाडं मागे पळत होती आणि माझं काळीज इंजिनाहून मोठ्यानं वाजत होतं. मी नजर समोरच ठेवली.

"नुसत्या रविवारी कशाला?" मी म्हणाले. "बुधवारी दुपारीही मला सुट्टी असते."